काटोल ते सांदण दरी: दोर खाली ओढण्याआधीचं प्लॅनिंग

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे कापले आहेत. बाकी बोललो तसंच.)

काटोलहून बोलतोय.

मागच्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकाच प्रकारची रील पाठवली. नारिंगी दगडातली नागमोडी भेग, वरून उन्हाचा एकच झोत, खाली मऊ वाळू. ते ॲरिझोनातलं ॲंटिलोप कॅन्यन. आणि खाली प्रश्न ठरलेला: “भाऊ, असं आपल्याकडे आहे का? पाच-सहा पोट्टे आहोत, जाऊन येऊ म्हणतो.”

आहे. वाळवंट नाही, वाळूचा दगड नाही, पण भेग तशीच. सांदण दरी. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पुढे साम्रद नावाचं गाव आहे. त्या गावाच्या पठारावरून चालत जाता जाता जमीन अचानक चिरलेली दिसते. साधारण दीड-दोन किलोमीटर लांब, दोनशे-तीनशे फूट खोल, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन-तीन माणसं शेजारी उभी राहिली की रस्ता बंद. दुपारचा थोडा वेळ सोडला तर तळाशी ऊन पोचत नाही. अशा अरुंद-खोल दरीला जगभर स्लॉट कॅन्यन म्हणतात. रुंदी कमी, खोली प्रचंड, आणि ती कोरलेली असते पाण्याने.

आजचा सगळा भाग याच शेवटच्या शब्दाभोवती आहे. पाण्याने कोरलेली. म्हणजे ती दरी मुळात पाण्याचा पाइप आहे. आपण पाइपात फिरायला जातोय, तेही पाणी नसेल त्या वेळेत.

आधी वाळवंटाचं समजून घेऊ, मग आपल्याकडे येऊ. अनेकांना वाटतं, वाळवंटात पाऊसच नाही तर पुराचा काय धोका? उलटं आहे. वाळवंटात झाडं-गवत कमी, जमीन उन्हाने भाजून कडक झालेली किंवा सरळ उघडा खडक. अशा जमिनीवर तासभर जोराचा पाऊस पडला तर पाणी मुरत नाही, सिमेंटच्या गच्चीवरून वाहतं तसं वाहतं आणि सगळं मिळून एका भेगेत घुसतं. १२ ऑगस्ट १९९७ ला ॲंटिलोप कॅन्यनच्या खालच्या भागात नेमकं हेच झालं. ढगफुटीसारखा पाऊस वरच्या अंगाला, काही मैल लांब पडला. कॅन्यनवर फारसा पाऊस नव्हता. आत असलेल्या लोकांवर पाण्याची भिंत आली आणि ११ पर्यटक गेले. सोबतचा गाईड तेवढा वाचला. सप्टेंबर २०१५ मध्ये यूटा राज्यातल्या झायन पार्कात कीहोल नावाच्या कॅन्यनमध्ये सात जणांचा गट असाच संपला. त्यांच्याकडे दोर होते, परवानगी होती. पुराची शक्यता त्या दिवशीच्या अंदाजात सांगितलेली होती.

काटोलच्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. आपल्याकडे पाण्याचा एक थेंब नसतो आणि जाम नदी गढूळ होऊन फुगते, कारण पाऊस वर कुठेतरी झालेला असतो. दर पावसाळ्यात विदर्भात कुठे ना कुठे पुलावरून पाणी असताना गाडी घातल्याची बातमी येते. नाल्याला निदान काठ असतो, तिथे थांबता येतं. सांदणला काठ म्हणजे दोनशे फूट उभी भिंत.

आता वाळवंट सोडा, सह्याद्रीत या. सांदणचा दगड बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा. तो वाळूच्या दगडासारखा गुळगुळीत झिजत नाही. त्याला नैसर्गिक सांधे, भेगा असतात, पाणी त्या कमकुवत रेषेवर काम करतं आणि मोठमोठे धोंडे सुटून खाली पडतात. म्हणून सांदणमध्ये वाळूचा गालिचा नाही, धोंड्यांची रास आहे. रीलमधल्यासारखं हात पसरून चालायला जाल तर घोटा मुरगळून घ्याल. आणि पाऊस? नागपूरला वर्षभरात हजार-अकराशे मिलिमीटर पडतो. साम्रदच्या शेजारचं घाटघर राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, तिथे त्याच्या कित्येक पट पडतो. म्हणजे वाळवंटातला कॅन्यन वर्षातून थोडे दिवस पाइप असतो, आपला चार-साडेचार महिने सलग.

थोडं गणित करू. इंजिनिअर आहे, राहवत नाही. समजा दरीच्या वर एक चौरस किलोमीटर पठाराचं पाणी आत येतं. हा आकडा मी हिशोबासाठी धरलाय, सांदणचा मोजलेला नाही. त्यावर अर्ध्या तासात २० मिलिमीटर पाऊस पडला. वळवाच्या पावसाला ही मामुली गोष्ट आहे. एकूण पाणी झालं दोन कोटी लिटर. त्यातलं निम्मं मुरलं-अडकलं म्हणू, उरलं एक कोटी. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर! अर्ध्या तासात एक हजार, म्हणजे दर दोन सेकंदांना एक टँकर तुमच्या डोक्यामागे रिकामा होतोय. तीन मीटर रुंद वाटेत, सेकंदाला दोन मीटर वेगाने हे पाणी आलं तर कमरेएवढं होतं. कमरेएवढं वाहतं पाणी, पायाखाली शेवाळलेले धोंडे. उभं राहता येत नाही, हे सांगायला भौतिकशास्त्र लागत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. वाढलेल्या पाण्यात माणसं एकमेकांना धरून उभी होती, तरी टिकली नाहीत.

मग जायचं कधी? सरळ उत्तर: डिसेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरमध्ये दरीतल्या डोहांत पाणी जास्त असतं. सुरुवातीलाच असे डोह लागतात, पहिल्यात गुडघा-मांडी, दुसऱ्यात कंबर किंवा वर, आणि पाणी गार. मार्चपर्यंत पाणी उतरतं, पण ऊन चढतं. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग तयार होतात. पावसाळ्यात दरीत उतरणं हा विषयच नाही. आणि हिवाळा म्हणजे हमी असंही धरू नका. नोव्हेंबर २०२३ च्या शेवटी नाशिक-नगर पट्ट्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झालीच होती.

इथे एक गोष्ट मला जरा जोरात सांगायची आहे. मे अखेर ते जूनची सुरुवात, भंडारदऱ्याला काजव्यांचा हंगाम असतो. अख्खी झाडं लुकलुकतात, बघण्यासारखं असतंच. मग प्लॅन असा बनतो: “एवढ्या दूर जाऊनच राहिलो तर रात्री काजवे, सकाळी सांदण.” कागदावर मस्त दिसतं. पण काजवे तेव्हाच का दिसतात? पाऊस तोंडावर आलेला असतो म्हणून. दमट हवा, मधूनच सर, संध्याकाळी गडगडाट. जे हवामान काजव्यांना हवं, तेच दरीत असलेल्या माणसाला नको. काजवे बघायला जा, झाडांपासून लांब उभं राहून, टॉर्च बंद करून बघा. दरी मात्र वरूनच बघा. दोन वेगळ्या ट्रिप आहेत त्या.

आता आपल्या बाजूची खरी अडचण. पुण्या-मुंबईच्या पोराला ढग दिसले तर तो म्हणतो, पुढच्या रविवारी येऊ. आपण काटोलहून जातो. नागपुरापासून समृद्धीने भरवीरपर्यंतच सहाशे किलोमीटर, वर भरवीर-घोटी-भंडारदरा-साम्रद हा घाटरस्ता. सुट्ट्या टाकलेल्या, गाडीचे पैसे वाटून घेतलेले, घरी समजूत काढलेली. एवढं करून साम्रदला पोचल्यावर पश्चिमेला ढग दिसले तर “परत चला” कोण म्हणणार? कोणीच नाही. ज्याला वाटतं तोही गप्प बसतो, कारण बाकीचे चिडवतील. म्हणून हा निर्णय तिथे घ्यायचाच नाही. घरी, निघायच्या आधी, ग्रुपवर लिहून ठरवायचा. कोडमध्ये आपण अट आधी लिहितो ना, मग डेटा कसाही येवो, तसं. माझ्या मते अट एवढीच पुरे: आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा त्या दिवशी सकाळी हवामान खात्याने अहिल्यानगर, नाशिक किंवा ठाणे यांपैकी एकाही जिल्ह्याला विजांसह पावसाचा इशारा दिला असेल तर दरी रद्द. चर्चा नाही, मतदान नाही. तीन जिल्हे का, तर दरी घाटमाथ्याच्या कडेला आहे, तोंड अकोल्यात आणि शेपूट खाली ठाणे जिल्ह्याकडे. ढगाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. हवामान खात्याचं मौसम ॲप आणि विजांसाठी दामिनी ॲप, दोन्ही फोनवर घालून ठेवा. आणि सगळ्यात वर साम्रदचा गाईड. तो नाही म्हणाला की नाही. त्याला जास्त पैशाची लालूच दाखवू नका.

रद्द झालं तर काय, हेही आधीच ठरवा, म्हणजे रद्द करणं जड जात नाही. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आहे, भंडारदऱ्याचा जलाशय आहे, घाटघरचा कडा आहे. हवा साफ असून फक्त दरीला गर्दी असेल तर रतनगड किंवा कळसूबाई. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच टोक. विजा चमकत असतील तर मात्र किल्ला-शिखरही नको, गावात बसून पिठलं-भाकरी खा.

जाण्याबद्दल थोडक्यात. बाइकवाल्यांनो, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, तो विचार सोडा. कारने जाणार असाल तर सरळसोट रस्त्यावर रात्रभर चालवून पहाटे उतरून थेट ट्रेक, हे करू नका. त्या रस्त्यावर डोळा लागणं ही दरीपेक्षा जवळची भीती आहे. दिवसा जा, साम्रदला रात्र काढा, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. रेल्वेने जायचं तर काटोल आपलं इटारसी मार्गावर, मुंबईची गाडी नागपूरहूनच धरावी लागते. संध्याकाळच्या गाडीने इगतपुरी, तिथून घोटीमार्गे जीप. थांबा आणि वेळ त्या दिवशीच्या ॲपवर तपासा.

आता दरीत उतरायचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकच समजतात. पहिला: डोह ओलांडून, धोंड्यांवरून जिथे पहिला मोठा उतार येतो तिथपर्यंत जायचं आणि आलो तसं परत साम्रदला. अर्ध्या दिवसाचं काम, दोर लागत नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा जाणाऱ्याला हेच पुरे आहे. रीलमध्ये दिसतो तो सगळा भाग इथेच आहे. दुसरा: दोराने खाली उतरत दरीच्या तळाला जायचं. पहिला रॅपलिंगचा टप्पा साधारण ४५ फुटांचा, त्याच्यापुढे छोटे टप्पे. इथे एक बारकावा लक्षात घ्या. सगळे उतरले की दोर खाली ओढून घेतात, कारण पुढच्या टप्प्याला तोच लागतो. दोर ओढला त्या क्षणी परतीचा रस्ता संपला. डेटाबेसवाल्यांच्या भाषेत कमिट झालं, आता रोलबॅक नाही. मागे भिंत चढता येत नाही, पुढे पूर्ण दरी पार केल्याशिवाय सुटका नाही. म्हणून आभाळाकडे शेवटचं नीट बघण्याची, कोणाचा गुडघा दुखतोय का, कोणाला चक्कर येतेय का, पाणी किती उरलंय हे विचारण्याची जागा म्हणजे त्या ४५ फुटांच्या वर. तिथे पाच मिनिटं थांबायचंच. एक जण जरी “नको” म्हणाला तरी सगळे परत. एकट्याला परत पाठवणं हा पर्याय नाही.

आणि वेळेचा हिशोब. एका दोरावर एका माणसाला हार्नेस तपासणं, उतरणं, सुटणं मिळून समजा सहा मिनिटं. तीस जणांची बॅच म्हणजे तीन तास. तुमच्या पुढे अशी एक बॅच असेल तर तुमचा नंबर दुपारी. मोठ्या सुट्टीच्या शनिवारी हेच होतं. वर उन्हात नाही तर खाली गार सावलीत, ओल्या कपड्यांत, लोक दोन-दोन तास बसून असतात, आणि शेवटचा टप्पा अंधारात. आपल्याला सुट्टी काढायचीच आहे तर मंगळवार-बुधवार काढा. सकाळी सातला दरीच्या तोंडाशी. अकरापर्यंत पहिल्या दोराला नंबर लागला नाही तर मागे फिरायचं, हेही त्या ग्रुपवरच्या अटीत लिहा.

ऑपरेटर निवडताना इन्स्टावरचे फॉलोअर मोजू नका. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ पासून आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का विचारा. एका दोराला मागे दुसरा सुरक्षेचा दोर असतो का, सगळ्यांना हेल्मेट मिळतं का, एका बॅचमध्ये किती माणसं, पाऊस आला तर पैसे परत की तारीख बदलून. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त सांगतं. पैसे बुडतील अशी अट असेल तर तुम्हीही ढगाखाली आत शिराल आणि तोही नेईल. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, त्यामुळे वनविभागाची प्रवेश फी आणि मुक्कामाचे नियम त्या त्या वेळचे विचारूनच जा.

खाली उतरल्यावरचा पेच बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतो: गाडी वर साम्रदला, तुम्ही खाली कोकणाच्या अंगाला. मग करोली घाटाची चढण चढून परत साम्रद, नाहीतर खाली डेहणे गावाकडे बाहेर पडून आसनगाव स्टेशन. रेल्वेने गेलेल्या नागपूरकराला दुसरा रस्ता बरा, आसनगावहून लोकलने कल्याण, कल्याणहून नागपूरची गाडी. कारवाल्याला करोली घाट. चढण दमवणारी आहे, तेवढं पाणी आणि तेवढी ताकद राखून ठेवा. माणशी तीन-चार लिटर पाणी निघतानाच, दरीतलं पिऊ नका.

सामानावर फार बोलत नाही. जीन्स नको, भिजली की जड होते आणि वाळत नाही. चांगल्या पकडीचे बूट, सह्याद्रीतले जुने लोक ॲक्शनच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांवरच भरवसा ठेवतात. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत. अत्तर-डिओ मारून जाऊ नका, आत आग लावू नका, कड्यांना आग्या मोहोळ असतात.

फोनबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तुम्ही सगळे मॅप उघडूनच चालता. दरीत नेटवर्क नाही. जीपीएसला नेट लागत नाही हे खरं, पण त्याला आभाळ लागतं. सरळ रेषेत निदान चार उपग्रह दिसावे लागतात. दोनशे फुटांच्या भिंतींमधून आभाळाची एक पट्टी दिसते, बाकीचे सिग्नल भिंतीवर आपटून उशिरा पोचतात आणि फोनला वाटतं आपण भलतीकडेच आहोत. निळा ठिपका भिंतीच्या आत फिरताना दिसेल. शिवाय नेटवर्क शोधत फोन बॅटरी खातो. म्हणून एअरप्लेन मोड, आणि वाटेसाठी गाईड.

फोन चालत नाही याचा दुसरा अर्थ, आतून मदत मागता येत नाही. ‘१२७ अवर्स’ सिनेमा पाहिलाय ना, रहमानचं संगीत असलेला? तो ॲरन राल्स्टन खरा माणूस. एप्रिल २००३ मध्ये यूटाच्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये धोंड्याखाली हात अडकला, पाच दिवसांनी स्वतःचा हात कापून बाहेर आला. तो कुठे गेलाय हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणून शोधायला कोणी त्या दरीकडे वेळेत वळलंच नाही.

तर साम्रदहून निघताना, शेवटचं नेटवर्क असेल तिथून घरच्या एका माणसाला मेसेज टाका. आईला पाठवला तर ती रात्रभर जागी राहील, म्हणून मोठा भाऊ, वहिनी किंवा न आलेला मित्र बघा. त्यात ‘ट्रेकला चाललो’ एवढंच लिहू नका. असं लिहा:

“दादा, आम्ही सहा जण सांदण दरीत उतरतोय, साम्रद, ता. अकोले. गाईडचं नाव आणि नंबर खाली देतोय. गाडी साम्रदला उभी, नंबर खाली. बाहेर करोली घाटाने येणार. संध्याकाळी सातपर्यंत माझा फोन येईल. नऊपर्यंत नाही आला तर आधी गाईडच्या घरी फोन कर, मग ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळव. त्यांचा हेल्पलाइन नंबर मी आत्ताच शोधून तुला पाठवलाय, सेव्ह कर.”

आणि सातला फोन करा. विसरून धाब्यावर जेवायला बसलात तर तिकडे साम्रदचे लोक टॉर्च घेऊन दरीकडे निघालेले असतील.